दारालगतची रिकामी पेटी

"सही कर."

"नाही."

"रसिका, सही मागतोय मी. किडनी नाही मागत."

"किडनी मागा, प्रज्ञेशदादा, विचार करीन. त्या दोन आहेत. सही एकच आहे."

शुक्रवार, सकाळचे साडेदहा. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड, आत सोल्डरिंगचा वास, आणि दोघांच्या मध्ये टेबलावर एक करडा डबा. जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठा, समोर छोटा पडदा, बुडातून बाहेर आलेल्या तीन लांब वायरी, डोक्यावर लाल भोंगा. या डब्याचं काम एकच. शीतगृहाच्या तीन खोल्यांवर लक्ष ठेवायचं, आणि कुठलीही खोली तापायला लागली की बोंब मारायची. डब्याशेजारी एक छापील कागद होता. कागदावर बारा चौकोन, त्यातल्या अकरांत बरोबरची खूण, तळाला 'तपासणी : रसिका रामजी तांबे' आणि त्यापुढे कोरी रेघ.

"अकरा खुणा तूच केल्यास ना?" प्रज्ञेशनं कागद तिच्याकडे सरकवला.

"केल्या. बारावी नाही केली."

"बारावं काय आहे? 'बिल्ड स्वच्छ.' स्वच्छच आहे. जुन्या लिंकरनं बांधलं, एक ओळ आली नाही."

"नव्यानं बांधलं तेव्हा आली."

"नवा कटकट्या आहे!"

"जुना मुका होता."

"मुका नव्हता, समजूतदार होता."

"हो, असे दोन-तीन समजूतदार आमच्या वाडीत पण आहेत. शेजाऱ्याच्या माडीला आग लागलेली दिसली तरी म्हणतात, आपण कशाला बोला."

हा लिंकर कोण ते आधी सांगायला हवं, कारण भांडण त्याच्यावरून होतं. डब्यात चालणारा प्रोग्रॅम एकसलग लिहिलेला नसतो. एक फाईल खोल्या तपासते, दुसरी पडद्यावर आकडे दाखवते, तिसरी भोंगा वाजवते. प्रत्येक फाईल लिहिणारा माणूस बिनधास्त दुसऱ्या फाईलमधल्या वस्तूंची नावं घेतो. 'ती अमुक नावाची जागा आहे ना, तिच्यात काय ठेवलंय ते बघ.' ती जागा नक्की कुठे, हे त्याला ठाऊक नसतं. सगळे तुकडे तयार झाले की शेवटी लिंकर येतो आणि नाव मागणाऱ्याला नाव असणाऱ्याच्या दारात नेऊन सोडतो. जोडणी झाली की गुपचूप निघून जातो. सगळं ठीक असेल तर चकार शब्द काढत नाही. काही खटकलं तरच एक ओळ बोलतो, आणि ती ओळ बहुतेक लोक अर्धीच वाचतात.

रसिकानं ती सकाळपासून तिसऱ्यांदा वाचली. पडद्यावरची इंग्रजी ओळ मोठ्यानं, सावकाश, मराठी करून वाचायची तिची सवय होती. "'फॉल्ट' ही जागा खोल्यांच्या फाईलमध्ये थ्रेडची स्वतःची अशी आहे. भोंग्याच्या फाईलनं ती साधी, सगळ्यांत मिळून एक अशी मागितली आहे. जुळत नाही."

"नाव तेच आहे!" प्रज्ञेश म्हणाला. "फॉल्ट म्हणजे फॉल्ट. स्पेलिंग बघ."

"नाव तेच आहे, दादा. प्रकार तो नाही. तो नावाबद्दल बोलतच नाहीये."

प्रज्ञेश मोहिते सावर्ड्याचा. इंजिनियर, हुशार, पाच वर्षं या शेडमधला सगळा प्रोग्रॅम त्याच्या हातचा. आणि भोंग्याची फाईलही त्याचीच. रसिका डिप्लोमावाली. तिचं काम तपासणीचं. डबा हलवून बघायचा, वायर ओढून बघायची, खुणा करायच्या, सही करायची. बिल्ड चालवायचं, म्हणजे सगळे तुकडे एकत्र बांधून प्रोग्रॅम तयार करायचं, कामही तिच्याकडे आलं ते केवळ इतर कुणाला त्याचा कंटाळा होता म्हणून. गेल्या महिन्यात बिल्डचा जुना कंप्युटर खाऱ्या हवेनं आतून हिरवा पडून मेला. नवा आला, त्याच्यासोबत नवा लिंकर आला, आणि पहिल्याच दिवशी त्यानं ही ओळ तोंडावर मारली. प्रज्ञेशनं कपाटातून पेनड्राईव्ह काढला, त्यावरचा जुना लिंकर चढवला, डबा बांधला. सगळं शांत.

"काय चाललंय?" मालक संदेश सर फोन कानाला तसाच ठेवून आले. "उद्या डबा पावस गावच्या शीतगृहात लागायचाय. सोमवारी ज्ञानेश्वरीकाकी तिथल्या खोल्या भरणार आहेत."

"सर, ही सही करत नाही."

"का?"

"सर, फाईल दुरुस्त करू. एका ओळीचं..."

"फाईल बदलली की बाराच्या बारा तपासण्या परत," प्रज्ञेशनं मध्येच तोडलं. "अर्धा दिवस जाईल. कशासाठी? एका ओळीच्या कटकटीसाठी! हा प्रोग्रॅम चार वर्षं चाललाय, सर."

"एका खोलीचा चाललाय," रसिका म्हणाली. "तीन खोल्यांचा हा पहिलाच."

संदेश सरांनी फोन खिशात घातला. चांगला माणूस, पण शुक्रवारी कुणी त्यांच्याकडून चांगुलपणाची अपेक्षा करत नसे. "हे बघ रसिका. चार वाजता काकी स्वतः येतायत डबा बघायला. तोपर्यंत तुझी सही हवी, नाहीतर काय बिघडलंय ते मला डोळ्यांनी दिसायला हवं. दोन्ही नसेल तर सोमवारपासून तपासणीला मी दुसरं माणूस बघतो. मला ओळी वाचून दाखवणारं नको, काम पुढे नेणारं हवं."

ते गेले. प्रज्ञेशही गेला. रसिका कोऱ्या रेघेकडे बघत राहिली. रत्नागिरीत तिच्या शिक्षणाला शोभेल अशी नोकरी मिळायला तिला तीन वर्षं लागली होती. त्याआधी पुण्यात एका कंपनीच्या फोनवर बसून लोकांच्या शिव्या ऐकल्या होत्या, मग आईच्या गुडघ्यांसाठी परत आली होती. ही शेड गेली तर पुन्हा पुण्याची गाडी.

ओळी वाचून दाखवणारं माणूस. सर रागानं बोलले, पण ते खरंच होतं. तिची घडण तीच होती.

पालीच्या पुढे, हमरस्त्यापासून आत चालत पाऊण तासावर त्यांची वाडी. रसिका आठ वर्षांची असल्यापासून वाडीतल्या म्हाताऱ्यांची पत्रं वाचायची. पोरं मुंबईला, म्हाताऱ्या घरात, आणि अक्षर लागणारी ही. विहाराच्या पायरीवर बसायचं आणि मोठ्यानं वाचायचं. तिची आई सुंदराबाई बाजूला तांदूळ निवडत असायची आणि तिचा एकच नियम असायचा.

"सगळा वाचायचा. मधला काय सोडायचा नाय."

"आई, ह्यात वाईट लिहिलंय."

"मग ता पण वाच. अर्धा पत्र नको आपल्याला."

अर्ध्या पत्राची, किंवा न आलेल्या पत्राची, सुंदराबाईला इतकी दहशत का, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ती रसिकाच्याच जन्माची गोष्ट होती.

रसिकाचा बाप, रामजी तांबे, तेव्हा मुंबईला नायगावात गावाच्या खोलीत राहायचा. एक दहा बाय बाराची खोली, चौदा माणसं, सगळी एकाच वाडीतली. पाण्याचं पिंप सामाईक, स्टोव्ह सामाईक, आरसा सामाईक, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटोही सगळ्यांचा. पण पेटी ज्याची त्याची. चौदा माणसं, चौदा पत्र्याच्या पेट्या, भिंतीशी ओळीनं. आणि दाराला लागून पंधरावी, रिकामी, कोरी करकरीत. गावाहून नवा माणूस आला की ती त्याला मिळायची, मग गावाचं मंडळ तिथे दुसरी रिकामी आणून ठेवायचं.

रसिका जन्मली तेव्हा सुंदराबाईनं पत्र पाठवलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहोत, नाव तुम्ही कळवा. पत्र नेलं शेजारच्या गावच्या केरूनं, हातोहात. केरू खोलीवर पोचला तेव्हा सगळे कामावर होते, दार नुसतं लोटलेलं. केरूच्या गावाची खोलीही मुंबईत होती, आणि त्या खोलीत पत्रांसाठी सगळ्यांत मिळून एकच पेटी असायची, दाराला लागून. त्यानं दाराला लागून पेटी बघितली, उघडली, पत्र ठेवलं, झाकण लावलं, निघून गेला.

रामजी रोज आपली पेटी उघडायचा. पत्र नाही. त्याला वाटलं, अजून दिवस भरले नसतील. इकडे सुंदराबाई रोज वाटेकडे बघायची. उत्तर नाही. वाडीनं अर्थ लावला तो तिसराच. दुसरी पण मुलगी झाली, म्हणून रामजी गप्प बसला. त्रेचाळीस दिवस पोरीला नाव नव्हतं. सगळे तिला नुसतं बाय म्हणायचे.

चव्वेचाळिसाव्या दिवशी खोलीवर एक नवा माणूस राहायला आला. त्याला रिकामी पेटी दिली, त्यानं उघडली, आणि विचारलं, "ह्या पत्रावर रामजी तांबे लिवलाय, कोण हाय इकडं?"

रामजीनं त्याच दिवशीची एसटी धरली. घरी पोचल्यावर अंगणात उभा राहून तो पहिलं वाक्य बोलला ते नाव होतं. रसिका. नाव त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

ही गोष्ट रसिकानं शंभर वेळा ऐकली होती. त्या शुक्रवारी दुपारी, जेवणाचा डबा न उघडताच, ती शेडच्या मागच्या जांभ्याच्या बांधावर बसली आणि तिनं बापाला फोन लावला.

"जय भीम, बोल गो बाय."

"जय भीम बाबा. एक सांगा. केरूमामांनी पत्र त्या पेटीत का ठेवलंन?"

"आता ह्या काय मधीच? जेवलीस काय?"

"जेवते. सांगा ना. त्यांची चूक होती?"

"त्याची कसली चूक गो? त्याच्या गावात तीच रीत होती. एक पेटी, सगळ्यांची. त्यानं त्याच्या रीतीनं ठेवलंन. आमच्या रीतीनं आमी आमची उघडत होतो. दोघं पण बरोबर."

"दोघं बरोबर, आणि पत्र गेलं कुणाचीच नाही त्या पेटीत."

"व्हय तर. आणि गंमत काय म्हायत्ये? ती पेटी मी पण येता-जाता बघत होतो. रिकामीच असायची ती नेहमी. कोण उघडणार?"

"दारात कोणी असतं तर?"

"तर विचारलंन असतंन. 'थांब रे केरू, तू कुठल्या पेटीबद्दल बोलतोस? इथं चौदा हायत.' एवढंच. एवढं विचारायला माणूस नव्हता, म्हणून तुझी आई दीड म्हयना रडली."

रसिका उठली. "बाबा, तो माणूस सापडला."

"कोण?"

"दारातला. त्यानं विचारलंन. आणि आम्ही त्याला गप्प केला."

फोन ठेवून ती आत आली आणि फायली उघडल्या. आता तिला कुठे बघायचं ते कळलं होतं.

तीन खोल्या, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी तीन कामं. त्यांनाच थ्रेड म्हणतात. प्रोग्रॅम एकच, जसं छप्पर एकच, पण प्रत्येक थ्रेडची 'फॉल्ट' नावाची पेटी स्वतःची. खोली बिघडली की तिचा थ्रेड आपल्या पेटीत एक टाकतो, नसेल तर शून्य असतं. आणि थ्रेड सुरू होताना त्याला पेटी मिळते ती कुठून? एक कोरा नमुना ठेवलेला असतो, त्यात शून्य. त्याची नक्कल करून प्रत्येकाला एकेक पेटी दिली जाते. नमुना कुणाचाच नसतो. त्यात कधी कुणी काही टाकत नाही.

मग भोंग्याची फाईल. तिथे वर एक ओळ होती. 'फॉल्ट नावाची एक जागा आहे, सगळ्यांत मिळून.' जुन्या, एकाच खोलीच्या डब्यात ते खरंच होतं. तीन खोल्या करताना कंपनीच्या मुंबईतल्या टीमनं सगळ्या जागांची मुख्य यादी बदलली आणि फॉल्ट ज्याची त्याची केली. पण रत्नागिरीच्या शेडमध्ये एक रीत होती. पावसाळ्यात लाईट जाते, लाईट गेली की नेट जातं, मुंबईच्या सर्व्हरवरची यादी दिसेनाशी होते. म्हणून आपल्याला हवं तेवढं प्रत्येकानं हातानं उतरवून आपल्या फाईलच्या डोक्यावर लिहून ठेवायचं. प्रज्ञेशनं चार पावसाळ्यांपूर्वी तशी एक ओळ उतरवून ठेवली होती. मुंबईत यादी बदलली. उतरवलेली ओळ तशीच राहिली. त्याची तरी चूक कसली? त्याच्या रीतीनं तो बरोबर होता.

जुन्या लिंकरनं नाव जुळलेलं बघितलं आणि भोंग्याला नेऊन सोडलं कोऱ्या नमुन्याच्या दारात. भोंगा रोज तिथे जाऊन झाकण उघडणार, शून्य बघणार, आणि समाधानानं परत येणार. खोली जळाली तरी.

पण मग तिच्या अकरा खुणांत भोंग्याची खूण कशी आली? रसिकानं कागद ओढला. सातवा चौकोन. 'भोंगा : बटण दाबून.' तिनं बटण दाबलं होतं, भोंगा ठणाणा वाजला होता, तिनं खूण केली होती. बटणाची वायर सरळ भोंग्यात जाते. फॉल्टच्या वाटेला ती जातच नाही. खूण तिची होती, आणि खोटी होती.

चार वाजता शेडबाहेर टेम्पो थांबला आणि ज्ञानेश्वरीकाकी पाष्टे उतरल्या. पावसच्या पंचवीस बायकांचं शीतगृह त्या चालवायच्या. एका खोलीत फणसाचे गरे, एकीत आंब्याचा गर, एकीत ओले काजूगर, तिन्ही उणे अठराला गोठवलेले. गेल्या मोसमात एका दुपारी यंत्र बंद पडलं, कुणाला कळलं नाही, आणि काजूगरांची अख्खी खोली आंबली. खड्डा खणून पुरायला लागली. म्हणून हा डबा.

"खै हाय माजा राखणदार?" काकी आत शिरतानाच म्हणाल्या.

"इकडे काकी," प्रज्ञेशनं खुर्ची दिली. "सगळं तयार आहे. बघा." आणि त्यानं बटण दाबलं. भोंगा वाजला. काकींनी कानांवर हात ठेवले आणि खूष झाल्या.

"सर," रसिका म्हणाली, "मला पाच मिनिटं द्या."

"सही झाली?"

"नाही. डोळ्यांनी दिसायला हवं म्हणालात ना? दाखवते."

टेबलावर तिनं तीन थर्मास आधीच मांडून ठेवले होते. आत मिरकरवाड्याहून आणलेला मासळीचा बर्फ आणि मूठ मूठ मीठ. तीन वायरींची टोकं तीन थर्मासांत. पडद्यावर तीन खोल्या, तिन्ही उणे अठराच्या आसपास, तिन्ही हिरव्या.

"काकी, चहा घेतलात?"

"हा काय, हातात हाय."

"जरा द्या. तुमच्या काजूगरांची खोली कुठची?"

"दोन नंबर."

रसिकानं दोन नंबरची वायर बर्फातून काढली आणि काकींच्या चहात बुडवली.

"अगो! माजा चाय!"

"आता चाय नाही काकी, ही तुमची खोली आहे. यंत्र बंद पडलंय. बघत राहा."

पडद्यावरचा आकडा उणे पंधरा झाला. उणे नऊ. शून्य. खोली दोन लाल झाली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'बिघाड'. आकडा वीसवर गेला, मग तीसवर. सगळे भोंग्याकडे बघत होते. भोंगा काकींच्याकडे बघत होता. शेजारच्या काजूच्या कारखान्यातून टरफलं फोडल्याचा आवाज येत होता तेवढाच.

"वाजेल आता," प्रज्ञेश म्हणाला.

चाळीस.

"थोडा वेळ लागतो त्याला."

पंचेचाळीस. चहावर साय धरली.

"काय रे बाबा," काकींनी हळूच विचारलं, "तवर माजं काजूगर उकडलं ना?"

प्रज्ञेशचा चेहरा उतरला. त्यानं बटण दाबलं. भोंगा वाजला. सोडलं. बंद. वायर चहातच होती, पडदा लालच होता. "बटणानं वाजतोय की," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"बटण कोण दाबणार, दादा? दुपारी शीतगृहात कोण असतं?" रसिकाचा आवाज चढला नाही. "सातवी खूण मीच केली, बटण दाबून. माझी पण खूण खोटी आहे. ती मी खोडलीय, बघा. पण लिंकर खोटं बोलला नाही. तो सकाळपासून एकच सांगतोय. खोल्यांना वाटतंय पेटी ज्याची त्याची, भोंग्याला वाटतंय सगळ्यांची एकच. तुम्ही जुन्याला आणून बसवलंत, कारण तो विचारत नाही."

संदेश सर लाल पडद्याकडे बघत होते. "ओळ कुठली?"

"दाखवते."

तिनं भोंग्याची फाईल उघडली. उतरवलेली ओळ दाखवली. प्रज्ञेश वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "ही मी त्या वादळाच्या वेळची लिहिलेली. नऊ दिवस नेट नव्हतं."

"माहितीय. त्या वेळी ती बरोबर होती."

तिनं ती ओळ पुसली आणि मुंबईच्या मुख्य यादीतूनच नाव घ्यायला लावलं. आता ज्या खोलीचा थ्रेड भोंग्याला बोलावील, त्याचीच पेटी भोंगा उघडणार होता. पेनड्राईव्ह काढून टाकला. नव्या लिंकरला बोलावलं. सगळे पडद्याकडे बघत होते. लिंकर आला, एकेक नाव बघत गेला, आणि काही न बोलता निघून गेला.

"काय झाला?" काकींनी विचारलं.

"काही नाही बोलला."

"म्हंजे चांगला काय वाईट?"

"सकाळी बोलला होता ना, म्हणून आता न बोलणं चांगलं."

प्रोग्रॅम डब्यात चढला. तिन्ही वायरी पुन्हा बर्फात. तिन्ही खोल्या हिरव्या. संदेश सरांनी स्वतः जाऊन कडक चहाचा नवा थर्मास भरून आणला. काकींनी पदर खोचला.

"मी बुडवू काय गो?"

"तुमचीच खोली आहे, काकी."

काकींनी दोन नंबरची वायर काढली आणि चहाच्या थर्मासात अशी खुपसली की जणू गेल्या मोसमाचा सगळा राग त्यात होता. उणे दहा. उणे चार. खोली लाल झाली, आणि त्याच क्षणी डब्याच्या डोक्यावरचा भोंगा असा केकाटला की पत्र्याची शेड थरथरली. कारखान्यातल्या बायका हात पुसत धावत आल्या. "काय पेटलं? काय पेटलं?"

"काय नाय पेटला!" काकी भोंग्याच्या वरताण ओरडल्या. "वाजला गो मेला! माजा राखणदार वाजला!"

वायर बर्फात, भोंगा गप्प. एक नंबर चहात, भोंगा चालू. तीन नंबर चहात, भोंगा चालू. एक आणि तीन मिळून चहात, आणि मग एक बाहेर काढली तरी तीनसाठी तो केकाटतच राहिला. ज्याची त्याची पेटी, ज्याचं त्याचं पत्र, आणि दारात विचारणारा माणूस. धावत आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण काकी नाचत होत्या म्हणजे काहीतरी मोठंच असणार. रसिका हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि कांद्याचं कारण द्यायला जवळपास कांदा नव्हता.

प्रज्ञेशनं पेनड्राईव्ह उचलला, दोन बोटांत धरून बघितला आणि संदेश सरांच्या पुढ्यात ठेवला. "हा कपाटात परत नको, सर. आणि उतरवून ठेवलेल्या ओळी प्रत्येकानं आपापल्या फाईलमधून काढायच्या. मी आज रात्रीच काढतो." मग रसिकाकडे वळला. "बाकीच्या तपासण्या मी धरतो, तू बघ. तू म्हणशील तेव्हाच खूण."

दोघं मिळून लागले आणि दिवेलागणीपर्यंत एकेक चौकोन पुन्हा केला. वायर ओढून बघितली. पडदा बंद-चालू केला. सातव्या चौकोनापाशी रसिकानं 'बटण दाबून' हे छापील शब्द खोडले आणि त्यावर आपल्या अक्षरात लिहिलं, 'खोली तापवून, तिन्ही'. शेवटी बारावा आला. 'बिल्ड स्वच्छ.' तिनं खूण केली.

बाहेर टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काकींनी एक घोट चहा मागून घेतला आणि म्हणाल्या, "गो बाय, हिकडं वाजला ता झाला. माज्या तिथं बर्फाची डबडी नाय, खऱ्या खोल्या हायत. तिथं वाजंल ना?"

रसिकानं टेबलावरच्या बर्फाच्या थर्मासांकडे बघितलं. ती डब्याच्या वायरी गुंडाळत होती.

संदेश सरांनी कागद तिच्यापुढे धरला, त्यावर पेन ठेवलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. "बारा झाल्या. सोमवारपासून तपासणीचं सगळं तूच बघायचंस, कागदात काय लिहायचं ते पण. बरं? आता तरी सही करतेस ना?"

रसिकानं कागद घेतला, कोरी रेघ वर राहील अशी त्याची घडी घातली आणि ती पिशवीत टाकली. डबा एका काखेत मारला, दुसऱ्या हातात, खऱ्या खोल्यांच्या वायरी बुडवायला, गरम चहाचा थर्मास घेतला, आणि काकींच्या मागून टेम्पोकडे निघून गेली.